मांद्र्यात समुद्रापासून २५० मीटरवर घर : काँक्रीट कोणतं, कव्हर किती, सिमेंट कोणतं?

आमराई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. उत्तर गोव्यातल्या मांद्र्यात भरतीरेषेपासून साधारण २५० मीटरवर तळमजला अधिक एक मजला असं घर बांधायचं आहे. परवानग्या हातात आहेत, तो विषय इथे नको. प्रश्न फक्त काँक्रीटचा आहे.

आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटची) फ्रेम, मध्ये चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती. कॉलम २३० × ३८०, स्लॅब १२५ मिमी, पश्चिमेला १.२ मीटर पुढे आलेली बाल्कनी, वर सपाट गच्ची. ड्रॉइंगवर एम २५ (२८ दिवसांत २५ न्यूटन प्रति चौ. मिमी ताकदीचं काँक्रीट) लिहिलंय. कव्हर (सळईबाहेरच्या काँक्रीटची जाडी) स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४० मिमी. सगळं मिळून ६० घनमीटरच्या आसपास काँक्रीट लागेल.

कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं असं : एवढ्या घराला एम २५ नको, १:१.५:३ (सिमेंट : वाळू : खडी) घालू. सिमेंट ओपीसी ५३ (साधं पोर्टलँड), नाहीतर समुद्र जवळ आहे म्हणून सल्फेट रेझिस्टिंग. सळया इपॉक्सी कोटिंगच्या घ्या, म्हणजे कव्हरची काळजी नको. पाणी प्लॉटमधल्या विहिरीचं. पहिला स्लॅब मार्चअखेर आणि गच्चीचा स्लॅब मेच्या तिसऱ्या आठवड्यात पडेल.

यातलं काय घ्यावं, काय सोडावं? बजेट अमर्याद नाही. जादा पैसे एकाच ठिकाणी घालायचे झाले तर कुठे घालावेत?

खाजनबांध

आधी ड्रॉइंगच डिझायनरकडे परत पाठवा. काँक्रीटच्या आधी त्यात दोन गोष्टी अडतात.

पहिली, २३० चा कॉलम. २०१६ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणे गोवा भूकंप झोन ३ मध्ये येतो, आणि झोन ३ ला आयएस १३९२० लागू होतो. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी हवी. नऊ इंची चिऱ्याच्या भिंतीत कॉलम दिसू नये म्हणून सगळे २३० धरतात. ३०० केला तर आतल्या बाजूला थोडा बाहेर दिसेल, तो दिसू द्या. समुद्राजवळ त्याचा दुसरा फायदाही आहे : २३० मधून दोन्ही बाजूंचं ४५ कव्हर वजा केलं की रिंग जेमतेम १४० ची उरते. त्यात सांध्याजवळ बीमच्या सळया घुसल्या की खडी खाली उतरायला जागाच राहत नाही.

दुसरी, एक्स्पोजर, म्हणजे काँक्रीटवर हवापाण्याचा मारा किती ते. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या कोडमध्ये किनाऱ्याच्या हवेत उघडं असलेलं काँक्रीट 'सिव्हियर' धरलं आहे. लाटांचे तुषार थेट लागत असतील तर 'व्हेरी सिव्हियर', भरती-ओहोटीच्या पट्ट्यात 'एक्स्ट्रीम'. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेला घराचा आतला भाग मात्र 'मॉडरेट' धरता येतो. कोडमध्ये मीटरमध्ये अंतर दिलेलं नाही, तिथे डोकं वापरावं लागतं. मधे उंच झाडोरा किंवा टेकाड नसेल तर २५० मीटरवरची पश्चिमेची बाजू मी निःशंक सिव्हियर धरेन.

सिव्हियरला किमान एम ३०, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, सिमेंट किमान ३२० किलो प्रति घनमीटर, कव्हर ४५ मिमी. मॉडरेटला एम २५, ०.५०, ३०० किलो आणि ३० मिमी. एकाच घरात दोन ग्रेड ठेवून साइटवर गोंधळ घालू नका. सगळीकडे एम ३०, आणि कव्हर जागेप्रमाणे : आतल्या खोल्यांच्या स्लॅबला खालून ३०, बाल्कनी, छज्जे, बाहेरचे कॉलम-बीम आणि गच्चीचा वरचा पृष्ठभाग ४५. एम ३५ घेतलं तर कोड सिव्हियरमध्ये ५ मिमी सूट देतो, पण ती सूट घेऊन फारसं काही साधत नाही.

आता जाडी. १२५ च्या स्लॅबला वरून ४५ कव्हर दिलं आणि १० मिमीची सळई धरली तर इफेक्टिव्ह डेप्थ (सळईच्या मध्यापासून स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) ७५ राहते. २० कव्हरला ती १०० होती. म्हणजे बाल्कनीची ताकद ढोबळमानाने पाव भागाने गेली. बाल्कनीचा स्लॅब मुळाशी १५० करा, गणित पूर्ववत होईल. नुसता कव्हरचा आकडा खोडून नवा लिहिला आणि जाडी तीच ठेवली तर बाल्कनी आणखी धोकादायक होईल, म्हणून हे डिझायनरनेच करायचं काम आहे.

२० चं ४० केल्याने काय होतं विचाराल, तर क्लोराइडला (मिठातल्या, सळई गंजवणाऱ्या घटकाला) सळईपर्यंत पोचायला लागणारा वेळ कव्हरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की वेळ ढोबळमानाने चौपट. एवढ्या स्वस्तात एवढा फायदा देणारी दुसरी कुठलीही गोष्ट बांधकामात मला माहीत नाही. आणि प्लास्टर म्हणजे कव्हर नव्हे, ते त्यात मोजू नये.

फूटिंगला किमान ५० मिमी, खाली ७५ ते १०० मिमीचं पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट). प्लॉट खाजनाला (बांध घालून खाडीतून मिळवलेल्या जमिनीला) किंवा मानशीच्या (खाजनाच्या पाणदरवाज्याच्या) पाण्याला लागून असेल तर तिथली माती खारी आणि बऱ्याचदा आम्लधर्मीही असते. मातीची आणि भूजलाची तपासणी करा, व्हेरी सिव्हियर निघालं तर फूटिंग एम ३५.

तेरेखोल

१:१.५:३ चं गणित एकदा मांडून पाहा, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरशी वाद घालावा लागणार नाही. कोडमध्ये नॉमिनल मिक्स (असं ठरावीक प्रमाणाचं मिश्रण) एम २० पर्यंतच आहे, आणि एम २० ला ५० किलोच्या पोत्यामागे ३० लिटर पाणी चालतं. म्हणजे प्रमाण ०.६०. तुम्हाला हवंय ०.४५, म्हणजे पोत्याला साडेबावीस लिटर. त्यातही वाळूतलं पाणी मोजायचं. पोत्यामागे ८० किलो वाळू आणि तिच्यात ५ टक्के ओल, म्हणजे चार लिटर पाणी आधीच आत आलंय. बादलीने घालायचे फक्त साडेअठरा. एक लिटर जास्त गेलं की प्रमाण ०.०२ ने चढतं. घमेल्यावर आणि पाइपच्या धारेवर चालणाऱ्या मिक्सरला हे जमणार नाही. ओली वाळू फुगते, त्यामुळे मापाने घातलेली वाळू दर घाण्याला वेगळी पडते, ते निराळंच.

एवढं कमी पाणी प्लॅस्टिसायझरशिवाय (जादा पाण्याविना मिश्रण सैल करणाऱ्या रसायनाशिवाय) चालत नाही. मिश्रण घट्ट होतं, मग कामगार पाणी मारतात. त्यांचा दोष नाही, तसलं काँक्रीट कॉलममध्ये उतरतच नाही. पीसीई (पॉलिकार्बोक्सिलेट) प्रकारचं प्लॅस्टिसायझर सिमेंटच्या वजनाच्या ०.६ ते १ टक्का, म्हणजे पोत्याला ३०० ते ५०० ग्रॅम.

आता सिमेंट. सल्फेट रेझिस्टिंग घेऊ नका. समुद्रकिनाऱ्यावर ही चूक सर्रास होते. त्या सिमेंटमध्ये सी-थ्री-ए (ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट) मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, आयएस १२३३० प्रमाणे ५ टक्क्यांच्या आत. हेच सी-थ्री-ए क्लोराइडला रासायनिकरीत्या बांधून ठेवतं. ते कमी केलं की तेवढं जास्त क्लोराइड मोकळं राहतं आणि सळईकडे सरकतं. किनाऱ्यावरच्या घराचा खरा शत्रू सल्फेट नाही, सळईचा गंज आहे. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होतं, काँक्रीट आतून फुटतं.

तुम्हाला हवं पोर्टलँड स्लॅग सिमेंट, आयएस ४५५ चं. त्यात स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली दळलेली मळी) २५ ते ७० टक्के चालते, पण पंचवीसवालं नको. पोत्यासोबतचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि ५० टक्क्यांच्या आसपास असलेलं घ्या. स्लॅगमुळे काँक्रीटमधली छिद्रं बारीक होतात आणि क्लोराइडही जास्त बांधलं जातं. समुद्राच्या पाण्यातल्या काँक्रीटला स्लॅग किंवा पोझोलाना सिमेंट हितकारक असल्याचं खुद्द आयएस ४५६ म्हणतो. ते नाही मिळालं तर फ्लाय ॲशचं पीपीसी (पोझोलाना सिमेंट), तेही ओपीसी ५३ पेक्षा बरं.

सुरुवातीला धरायचं मिश्रण, प्रति घनमीटर, किलोत : स्लॅग सिमेंट ३७०, पाणी १६३, वाळू ७४०, वीसची खडी ६८०, दहाची ४५०, प्लॅस्टिसायझर ३ किलो. प्रमाण ०.४४. सरासरी ताकदीचं लक्ष्य ३८ न्यूटन प्रति चौ. मिमीच्या वर. हे कागदावरचं आहे, तुमच्या खडीवर ट्रायल घेतल्याशिवाय वापरू नका.

याची किंमत एकच : सुरुवातीची ताकद सावकाश येते. ओपीसीच्या हिशेबाने साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा दिवसांनी काढतात, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदाने. स्लॅग असेल तर स्लॅबला चौदा आणि बीमला एकवीस धरा, आणि बाल्कनीचे टेकू सगळ्यात शेवटी काढा. सेंट्रिंगवाल्याला भाडं ठरवतानाच हे सांगा, नाहीतर आठव्या दिवशी तो टेम्पो घेऊन हजर होतो.

खाजनबांध

@तेरेखोल, वाळू आणि विहिरीचं पाणी राहिलं की.

तेरेखोल

हो, मुद्दाम वेगळं ठेवलं होतं, कारण त्यात गणित आहे.

आरसीसीत सगळं मिळून ०.६ किलो क्लोराइड प्रति घनमीटर एवढीच मुभा आहे. पाण्याची मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर. १६३ लिटर पाणी त्या मर्यादेवर असलं तरी ०.०८ किलो होतं. वाळू ७४० किलो. तिच्यात ०.१ टक्का क्लोराइड असलं की ०.७४ किलो, म्हणजे एकट्या वाळूने मर्यादा ओलांडली. लोक पाण्याचीच चिंता करतात, खाडीच्या तोंडाजवळून काढलेल्या वाळूकडे कोणी बघत नाही. किनाऱ्याच्या रेतीबद्दल तर बोलायलाच नको. दगड क्रश करून केलेली, धुतलेली वाळू घ्या. आयएस ३८३ मध्ये ती बसते, ७५ मायक्रॉनखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालते. मात्र भुकटी जास्त म्हणजे पाण्याची मागणी जास्त, हे ट्रायलमध्ये पाहून घ्या.

साइटवर झटपट अंदाज हवा असेल तर मूठभर वाळू डिस्टिल्ड पाण्यात ढवळून निवळू द्या आणि वरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब टाका. दुधासारखं पांढरं झालं तर लॅबला पाठवा. नळाच्या पाण्यावर ही चाचणी करू नका, त्यात आधीच क्लोराइड असतं.

विहिरीचं पाणी ऑक्टोबरात तपासून उपयोग नाही, तेव्हा ती पावसाच्या पाण्याने भरलेली असते. तुमचं काम मार्च ते मे, तर नमुनाही त्याच दिवसांतला हवा. उपसा वाढला की किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. क्युरिंगलाही खारं पाणी नको. चौदा दिवस तळं करून खारं पाणी ठेवणं म्हणजे आपल्या हाताने मीठ भरणं.

शेणकोट

जरा दुसरी बाजू मांडतो. इपॉक्सी सळयांना तुम्ही दोघांनी हातच घातला नाही, आणि कॉन्ट्रॅक्टर तेवढाही मूर्ख नाही. कव्हर शेवटी माणसाच्या हातात असतं, कोटिंग कारखान्यात होतं. कव्हर चुकलं तर दुसरी फळी नको का?

सळईबारी

@शेणकोट, प्रश्न रास्त आहे, पण घराच्या साइटवर ती फळी टिकत नाही.

इपॉक्सी कोटिंग आयएस १३६२० प्रमाणे कारखान्यात होतं, इथवर ठीक. नंतर काय होतं ते बघा. ट्रकमधून सळया ओढून टाकतात. ८ मिमीच्या रिंगा बार बेंडरवर १३५ अंशात वाकवतात, बाकाच्या आतल्या बाजूला कोटिंग चिरतं. कापलेली टोकं उघडी. बांधायला साधी काळी तार. वरून नीडल व्हायब्रेटर सळईला घासतो. प्रत्येक जखमेवर पॅचिंगचं मटेरियल लावायचं असतं, ते कोणी लावत नाही. मग गंज सगळा त्या जखमेपाशी एकवटतो आणि सळई तिथेच खोल खाल्ली जाते. फ्लोरिडातल्या की बेटांच्या पुलांवर हे घडलंय : कोटिंग केलेल्या सळया असूनही खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातले खांब काही वर्षांतच फुटू लागले. शिवाय कोटिंगमुळे पकड कमी होते, लॅप (सळयांचे जोड) वाढवावे लागतात. तुमच्या ड्रॉइंगमध्ये ते धरलेलं नसणार. मोठ्या पुलावर देखरेखीला माणसं असतात, तिथे चालेल. तुमच्या घराला म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

दुसरी फळी हवीच असेल तर ती बाल्कनीपुरती ठेवा. आयएस १२५९४ प्रमाणे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड सळया फक्त बाल्कनी आणि छज्ज्यांना घ्या. पण साध्या सळईला त्या थेट चिकटून बांधू नका, आणि तारही गॅल्व्हनाइज्डच घ्या. 'करोजन रेझिस्टंट' म्हणून थोड्या जास्त भावाने मिळणाऱ्या सळयांवर विसंबून कव्हर कमी करू नका, क्लोराइडपुढे त्या फार तग धरत नाहीत. बाकी सगळीकडे साधी फे ५०० डी, आयएस १७८६ ची.

त्यापेक्षा सळई साइटवर कशी पडून राहते ते पाहा. जमिनीपासून हातभर उंच ओंडक्यांवर, ताडपत्रीखाली. हलका तांबूस गंज चालतो, पकडीला बाधा नाही. पापुद्रे सुटत असतील किंवा खड्डे पडले असतील तर ती सळई परत. समुद्राकडून वारा येतो तिथे बांधून ठेवलेल्या जाळीवर मीठ बसतं. काँक्रीटच्या आदल्या दिवशी गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जाळी धुवा आणि फॉर्मवर्कमध्ये साचलेलं पाणी काढा. सिमेंटची स्लरी फासणं किंवा टिनमधला 'अँटी-रस्ट' रंग मारणं हे दोन्ही पैसे वाया.

आणि गच्चीवर 'पुढेमागे मजला चढवू' म्हणून कॉलमच्या सळया वर सोडू नका. चार पावसाळ्यांत त्या बोटभर फुगतात आणि गंज खाली कॉलममध्ये उतरतो. मजला चढवायचा पक्का बेत असेल तर त्या सळयांभोवती कमी ताकदीच्या काँक्रीटचं ठोकळं ओता, पुढे फोडता येईल असं.

गच्चीवाला

आतापर्यंत सगळं ऑफिसातलं झालं. साइटवर चुकतं कुठे, ते सांगतो.

कॉलमचा स्टार्टर. फूटिंग किंवा स्लॅबवर कॉलमची जागा धरायला जे ७५-१०० मिमीचं उचलून घेतात ते. संध्याकाळी उरलेल्या मालातून, पाणी मारून, हाताने थापून केलेलं असतं. कॉलम एम ३० चा आणि त्याचा पाय एम १० चा. पावसाचं पाणी उडतं तेही नेमकं तिथेच. किनाऱ्यावरच्या घरांत कॉलम तळाशी फुटतो त्याचं हे एक मोठं कारण आहे. स्टार्टर त्याच मिक्सचा, पत्र्याच्या साच्यात, छोटी नीडल घालूनच करायचा. स्लॅबबरोबर एकसंध ओतता आला तर उत्तमच.

कव्हर ब्लॉक. चिऱ्याचा तुकडा, टाइलचा तुकडा, खडी, यातलं काही नको. चिरा पाणी पितो आणि थेट सळईपर्यंत पोचवतो. काँक्रीटचे किंवा फायबर सिमेंटचे, फॅक्टरीत केलेले ब्लॉक घ्या. ६० घनमीटरच्या कामाला सगळे मिळून किती रुपये होतील ते विचारून बघा, एका बाथरूमच्या नळापेक्षा कमी पडतील. स्लॅबला ७०० ते ८०० मिमीवर एक, कॉलमला चारही बाजूंनी मीटरभर अंतरावर, आणि बाहेरच्या रिंगेला बांधलेले. मुख्य सळईला नव्हे, कारण कव्हर सगळ्यात बाहेरच्या लोखंडापासून मोजायचं असतं. तारेची टोकं आत वाकवा. बाहेर राहिलेल्या टोकापासून गंजाचे तपकिरी ओघळ सुरू होतात.

बाल्कनीच्या वरच्या सळया. काँक्रीट ओतताना माणसं त्यांवर चालतात आणि त्या खाली बसतात. खाजनबांध यांनी मुळाशी १०० ची डेप्थ मिळवून दिली, ती मुकादमाच्या एका पायाखाली ७५ होते. दर ६०० मिमीला १० मिमीच्या सळईच्या खुर्च्या, त्यांच्या पायांखालीसुद्धा कव्हर ब्लॉक, आणि चालायला फळ्या. ओततेवेळी एक माणूस फक्त याच कामाला ठेवा.

नीडल : बीमला ४० मिमीची, कॉलम-बीमच्या सांध्यात २५ ची. ३०० ते ४०० मिमीवर उभी घालायची, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १० सेकंद, आणि सावकाश काढायची. नीडलने काँक्रीट पुढे ढकलायचं नाही. कॉलममध्ये दीड मीटरपेक्षा उंचावरून माल टाकायचा नाही.

क्युरिंग. स्लॅग सिमेंटला चौदा दिवस, यात तडजोड नाही. तिथे कंजुषी केली तर ओपीसी घातलेलं बरं होतं म्हणायची वेळ येईल. स्लॅबवर वाफे करून ५० मिमी पाणी, कॉलमला गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक गुंडाळा, नाहीतर एप्रिलच्या वाऱ्यात गोणपाट तासाभरात सुकतं. ओतल्यानंतर पहिले काही तास सगळ्यात नाजूक असतात. वरचं पाणी आटून चकाकी गेली की लगेच प्लॅस्टिक अंथरा, तळं दुसऱ्या दिवशी सकाळी. स्लॅग आणि पश्चिमेचा वारा एकत्र आले की पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. शक्यतो ओतायला दुपारनंतर सुरुवात करा.

गच्चीच्या स्लॅबची तारीख मात्र मला पसंत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर वळवाची सर कधीही येते, आणि मिरग पंधरवड्यावर असतो. ओततानाच सर आली तर वरचं सिमेंट वाहून जातं आणि गच्चीचा नेमका वरचा पृष्ठभाग निकामी होतो. एक तर १० मेच्या आत ओता, नाहीतर सरळ ऑक्टोबरात. मेमध्ये ओतलात तर ताडपत्र्या आणि बांबू आधीच रचून ठेवा. पुढचं क्युरिंग पाऊस करेल.

छज्ज्याच्या आणि बाल्कनीच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच ठेवतात, ती काँक्रीटमध्ये १२ मिमी कोरली तर तिथलं कव्हर १२ ने कमी होतं. खाच प्लास्टरमध्ये करा.

चिरेखाण

सगळं वाचलं. पण एक विचारायचं राहतंच : ६० घनमीटर लागतंय कशाला?

सपाट गच्ची वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस आणि खारा वारा दोन्ही झेलत बसते. तिच्यावर उताराचं छप्पर चढवा, नळे किंवा मंगळुरी कौलं, आणि चारही बाजूंनी ७५०-९०० मिमी बाहेर काढा. खालचा स्लॅब आडोशाला गेला, सिव्हियरचा मॉडरेट झाला. कॉलमही निम्मे भिजायचे थांबले. गोव्यातल्या जुन्या घरांचे लांब पाखे आणि झाकलेले बाल्कांव (दारापुढच्या बसायच्या ओसऱ्या) शोभेसाठी नव्हते. छपराच्या लोखंडी खांबांचे बोल्ट मात्र स्लॅब भोकसून घालू नका, आधीच ठरवून छोटे पेडेस्टल ओतून ठेवा.

दुसरं, तळमजला अधिक एकला पूर्ण फ्रेम हवीच असं नाही. चिरा चांगला असेल, आयएस ३६२० प्रमाणे ३.५ न्यूटन प्रति चौ. मिमीच्या वरचा, तर भारवाही भिंती आणि आयएस ४३२६ प्रमाणे जोत्याला, लिंटलला, छताला आरसीसी पट्टे, असं करता येतं. खोल्या आटोपशीर हव्यात, भिंतीवर भिंत हवी. काँक्रीट बरंच कमी होतं आणि गंजायला लोखंडही कमी उरतं.

कार्बनचं म्हणाल तर एक टन क्लिंकर करताना नुसत्या चुनखडीतूनच अर्धा टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधनाचा त्यावर. ओपीसीत जवळपास सगळं क्लिंकर, ५० टक्के स्लॅगच्या सिमेंटमध्ये निम्मं. तुमच्या ६० घनमीटरला ३७० किलोने २२ टन सिमेंट, म्हणजे नुसतं सिमेंट बदलून दहा टनांच्या आसपास क्लिंकर वाचतं. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीचं एलसी-थ्री सिमेंट आलंय, त्याला २०२३ मध्ये आयएस १८१८९ मिळाला. क्लोराइडला तेही चांगलं अडवतं. हाताशी आलं तर विचार करा.

शेणकोट

भारवाहीचं पटतं, पण ३०० मीटरच्या आतल्या प्लॉटवर आजकाल सगळ्यांना पश्चिमेला भिंतभर काच हवी असते. तिथे चिऱ्याची भिंत उभी करायची कुठे?

चिरेखाण

मग काचेच्या फ्रेमचं लोखंड गंजल्याचा धागा तीन वर्षांनी उघडा.

आमराई

सगळ्यांचे आभार. डिझायनरशी बोललो : कॉलम ३००, एम ३०, बाल्कनी मुळाशी १५०, गच्चीवर कौलारू छप्पर, आणि गच्चीचा स्लॅब ऑक्टोबरात. फ्रेम ठेवतोय, खोल्या मोठ्या आहेत. इपॉक्सी रद्द.

आता दोनच प्रश्न. आरएमसी (प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट) घ्यावं म्हणतो, पण वाट अरुंद आहे, मोठी गाडी वळत नाही. आणि गाडीत काय आलंय ते कळणार कसं? दुसरं, कंपाउंडचे खांब याच काँक्रीटचे करायचे का?

तेरेखोल

आरएमसीच घ्या, वजनाने मोजलेला माल हा त्याचा खरा फायदा. ऑर्डर देताना फक्त 'एम ३०' सांगू नका, नाहीतर पाणी-सिमेंट ०.५० चा मालही एम ३० म्हणून येईल. लेखी लिहून द्या : एम ३०, पाणी-बाइंडर कमाल ०.४५, बाइंडर (सिमेंट अधिक स्लॅग) किमान ३६० किलो, त्यात ५० टक्के जीजीबीएस (दळलेला स्लॅग), २० मिमी खडी, साइटवर स्लम्प (मिश्रण किती खाली बसतं त्याचं माप) १००-१२० मिमी. प्रत्येक गाडीसोबत बॅचचा प्रिंट मागा. त्यात सिमेंट, जीजीबीएस, पाणी आणि वाळूतल्या ओलाव्याची दुरुस्ती वेगवेगळी दिसते. ओलावा सगळ्या गाड्यांना शून्य लिहिलेला असेल तर प्लांटला फोन करा.

आयएस ४९२६ प्रमाणे भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. वेर्ण्याकडून येणारी गाडी म्हापशाच्या ट्रॅफिकमध्ये अडकली तर निम्मा वेळ तिथेच जातो. पेडणे-बार्देशातला प्लांट बघा, किंवा पहाटे बोलवा. गाडी मुख्य रस्त्यावर उभी करून लाइन पंप लावा, किंवा तीन-तीन घनमीटरच्या छोट्या गाड्या मागवा. माल घट्ट वाटला तर ड्रायव्हरला पाणी घालू देऊ नका. प्लांटच्या माणसाने आणलेलं प्लॅस्टिसायझर घालून ड्रम पाच मिनिटं जोरात फिरवायचा.

क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) : १६ ते ३० घनमीटरच्या ओतणीला तीन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. स्लॅग असल्यामुळे २८ दिवसांशिवाय ५६ दिवसांसाठीही एक जादा संच ठेवा. आणि फॉर्म काढल्यावर प्लास्टरच्या आधी अर्ध्या दिवसासाठी कव्हर मीटरवाला बोलवा. बाल्कनीचा तळ आणि पश्चिमेचे कॉलम तपासून घ्या. जिथे कव्हर २५ च्या आत सापडेल तिथे पॉलिमर मॉर्टरने तेवढा भाग आत्ताच जाड करता येतो. बिलाचा शेवटचा हप्ता या रिपोर्टला बांधा.

सळईबारी

कंपाउंडचे खांब आरसीसीचे करूच नका. १५० मिमीच्या खांबात चार सळया म्हणजे कव्हर पंधरा-वीस, ते पहिले फुटतात. चिऱ्याची भिंत, दर तीन मीटरला चिऱ्याचाच जाड खांब, आणि माथ्यावर पाणी उतरेल असा दोन्हीकडे उतार. गेटच्या खांबाला सळई लागेलच, तो ३०० × ३०० चा, ४५ कव्हर ठेवून करा. बिजागरीच्या लोखंडी पट्ट्या मात्र आत सळईला वेल्ड करू नका. स्टेनलेस ३१६ चे अँकर नंतर ड्रिल करून केमिकलने बसवा.